डबा दादाचा, झाकण धाकट्याचं

बाबांनी हातपाय चालत असतानाच धंद्याची वाटणी करून टाकली. दादाला डबे, धाकट्याला झाकणं. आणि मला, मधलीला, दोघांच्या मधलं टेबल. डबे म्हणजे प्लास्टिकचे, गोल, साखर-पीठ ठेवायचे. डब्यांचे साचे आणि मोठं मशीन दादाच्या शेडमध्ये गेलं, झाकणांचे साचे आणि लहान मशीन समोरच्या शेडमध्ये धाकट्याकडे. माझ्या टेबलावर, म्हणजे दादाच्या शेडच्या दाराशी, डब्याला झाकण लावून बघायचं, पुसायचं आणि खोक्यात भरायचं. ऐकणारे हसायचे. म्हणायचे, घर वाटतात, शेत वाटतात, पण डब्यापासून झाकण वेगळं काढणारा बाप आम्ही पहिलाच पाहिला.

बाबांनी दोघांना कारण काही सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही मी खनपटीला बसले म्हणून. "एकाला अख्खा धंदा दिला तर दुसरा त्याचा नोकर होईल. दोघांना सारखाच दिला तर दोन दुकानं होतील आणि एकमेकांचे भाव पाडत बसतील. डब्याला झाकण लागतंच की नाही? मग कितीही भांडू देत, संध्याकाळी एकमेकांच्या दारात यावंच लागेल." एवढं बोलून बाबा चष्मा पुसायला लागले. स्वतःच्या हुशारीवर खूश झाले की ते चष्मा पुसत.

आणि ते चाललंही, बरीच वर्षं चाललं. दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि धाकट्याच्या तोंडून शब्द बाहेर पडायला मुहूर्त बघावा लागतो. दादा एका कानाला फोन लावून दुसऱ्या कानाने मशीनचा आवाज ऐकणार. धाकटा मशीन पुसूनच सुरू करणार आणि पुसूनच बंद करणार. आठवड्यातून एकदा तरी गल्लीच्या मधोमध उभे राहून दोघं भांडायचे, आणि भांडण संपायच्या आत झाकणांची पोती अलीकडे यायची. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटे, आता हे डोकी फोडणार. मी आपली टेबलाशी बसून चहा पीत असे.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. मशीनमध्ये प्लास्टिकचा दाणा वितळतो, साच्यात दाबला जातो, साचा उघडतो आणि झाकण खाली पडतं. बघणाऱ्याला वाटतं, झालं तयार. ते तयार नसतं. हाताला गार लागलं तरी आतून आक्रसत असतं, रात्रभर थोडं थोडं. म्हणून आमच्याकडे नियम होता की आजचा माल आज जोडून बघायचा नाही. माझ्या टेबलावर रात्र काढू द्यायची, आणि सकाळी डबा-झाकण लावून बघायचं. "गरम मालावर बोलायचं नाही," बाबा म्हणायचे. लहानपणी दोन्ही भावांनी यावरून टपल्या खाल्ल्या आहेत.

बाबा गेले, आणि पाठोपाठ बाजार बदलला. म्हणजे तो आधीपासूनच बदलत होता, आम्हाला दिसला नंतर. पूर्वी दाण्याचा भाव महिन्याने हलायचा. आता कुठेतरी दूर समुद्रात तेलाचं जहाज अडकलं की सकाळी दादाच्या फोनवर दाणा महाग झालेला असे. दुसरीकडे, आमच्या डब्यांसाठी ज्या बायकांनी काचेच्या बरण्या माळ्यावर टाकल्या, त्यांच्याच सुना त्या बरण्या खाली काढून त्यांचे फोटो काढायला लागल्या होत्या. प्लास्टिक म्हटलं की लोक नाक मुरडायचे. मोठी दुकानं विचारायची, डबा हलका आहे का, पातळ आहे का, जुन्या प्लास्टिकपासून केलेला आहे का? पातळ हवा आणि ताठही हवा. दादा म्हणायचा, "यांना उपाशी राहून धष्टपुष्ट झालेला माणूस पाहिजे."

तो माणूस दाणेवाल्याने आणला. दाणेवाला म्हणजे दाण्याच्या कंपनीचा विक्रेता, गळ्यात टाय आणि बोटांवर सगळी उत्तरं. नवा दाणा निघालाय म्हणाला. निम्मा जुन्या प्लास्टिकमधून पुन्हा केलेला, निम्मा नवा, आणि त्यात ताठपणासाठी एक दगडाची बारीक पूड. कमी मालात डबा ताठ उभा राहतो. "आणि आक्रसणं म्हणाल तर नावापुरतं," असं सांगून त्याने हात झटकला. दादाला तो दाणा म्हणजे बुडत्याला काडी वाटली. त्याने एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदीसाहेबांना कळवूनही टाकलं, की नव्या दाण्याचे डबे दाखवतो, परवा या.

दादाने लगेच नवे डबे काढले. धाकट्याकडे नव्या दाण्याचं पोतं पोचलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण दादाला आधी स्वतःचं मशीन बसवून बघायचं होतं. तरी हरकत नव्हती. साहेब त्याच्या पुढच्या दिवशी येणार होते, तोवर झाकणं रात्रभर मुरली असती. धाकट्याने मशीन पुसलं, दाणा भरला, आणि पहिली झाकणं पडत होती तेवढ्यात गल्लीत गाडी थांबली. साहेब एक दिवस आधीच आले होते. शेजारच्या गावात काम होतं, म्हटलं वाटेत बघून जावं, म्हणाले.

ते टेबलापाशी उभे राहिले. डबा उचलला, टिचकी मारली, उजेडात धरला. चेहऱ्यावरून माल आवडलेला दिसत होता.

"छान आहे. झाकण कुठंय?"

दादाने गल्लीपार हाक मारली. धाकटा दोन झाकणं घेऊन आला, रुमालात धरून, कारण ती अजून ऊन होती.

"दादा, आत्ताच निघालीत. उद्या सकाळी बघूया."

"अरे, हा दाणा आक्रसत नाही. लाव."

"तरीपण गरम आहे. एक रात्र—"

"लाव म्हणतोय ना! साहेबांना काय रात्रभर इथं बसवून ठेवायचं का?"

धाकट्याने झाकण लावलं. साहेबांनी डबा हातात घेऊन उलटा केला. झाकण सुटलं, टेबलावर आपटलं आणि घरंगळत खाली गेलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

दादाचा चेहरा तापला. काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची त्याची जन्माची सवय. तो हसला, आणि हसत हसतच म्हणाला, "मनावर घेऊ नका साहेब. आमच्या बाबांनी याला झाकणं दिली ती काही उगाच नाही. डबा याला झेपला नसता."

साहेब हसले. मी हसले नाही. धाकटा टेबलाखाली वाकला, झाकण उचललं, सदऱ्याला पुसलं आणि टेबलावर ठेवलं. मग आपल्या शेडमध्ये निघून गेला. जाताजाता साहेब म्हणाले, उद्या दुपारी याच वाटेने परत जाणार आहे, तोवर झाकण बसत असेल तर दाखवा. दादाने गाडीचं दारसुद्धा लावून दिलं.

त्या संध्याकाळी धाकट्याने दिवसभराची झाकणं नेहमीसारखी माझ्या टेबलावर ओतली, मशीनवरून साचा उतरवला आणि डायवाल्याकडे नेला. डायवाला म्हणजे साचे घडवणारा, बाबांच्या वेळेपासूनचा. पुढचं त्यानेच मला सांगितलं. साच्याचे दोन भाग असतात, बाहेरची मादी आणि आतला नर, आणि झाकणाच्या आतल्या बाजूचं माप नर ठरवतो. धाकटा म्हणाला, नर घासून बारीक करा, झाकण घट्ट बसलं पाहिजे. डायवाला म्हणाला, "अरे, सकाळी गार माल बघ आणि मग ये. पोलाद काढता येतं, परत घालता येत नाही."

"आजच करा," धाकटा म्हणाला.

हा माझा भाऊ. चहासुद्धा गार करून पिणारा. उतावळेपणा आमच्या घरात सगळा दादाच्या वाट्याला आला होता, धाकट्याने तो आयुष्यात एकदाच उसना घेतला. त्याला झाकण बसवायचं नव्हतं. त्याला दाखवायचं होतं की मला झेपतं.

सकाळी मी टेबलाशी आले. ढिगातलं कालचं झाकण घेतलं, डब्यावर ठेवलं, तळव्याने दाबलं. टक् करून बसलं. डबा उलटा केला, हलवला, आपटलासुद्धा. झाकण जागचं हललं नाही. दुसरं घेतलं, तेही बसलं. सगळी बसली, अशी की बाबांनी चष्मा पुसला असता. दाणेवाल्याचा दाणा चारचौघांसारखाच आक्रसत होता.

दादा आला, त्याने स्वतः दोन-तीन लावून बघितली आणि पोरासारखा गल्लीत धावला. "अरे ए! बसलं! तुझं झाकण बसलं!"

धाकटा डायवाल्याकडून परत येत होता. हातगाडीवर साचा होता. तो थांबला. दादा ओरडत होता, हसत होता, आणि धाकटा त्याच्याकडे न बघता गाडीवरच्या साच्याकडे बघत होता. त्याचा तो चेहरा मला नको असताना आठवतो. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की मी आत जाऊन नुसतीच खोकी हलवत बसले.

दुपारी साहेब आले, झाकण लावून बघितलं, खूश झाले आणि ऑर्डर देऊन गेले. ऑर्डर मिळाली ती अशा झाकणावर, जे काढणारा साचा आता उरला नव्हता. घासलेल्या साच्यातून जी झाकणं निघाली ती थंड झाल्यावर डब्यावर चढेचनात. डायवाल्याने नर पुन्हा भरायचा प्रयत्न केला. जुनं पोलाद, वेल्डिंगला तडकलं. शेवटी दादाने बाहेरच्या एका कारखान्यातून झाकणं आणून ऑर्डर पुरी केली. आमच्या टेबलावर परक्याचं झाकण आलं ते त्या वेळी पहिल्यांदा.

दादाचं म्हणणं असं, की चिडून साचा कापायला याला सांगितलं कोणी? पण मनाने तो वाईट नाही. चार दिवसांत धाकट्याला म्हणाला, "नवा नर करून घे. काय लागेल ते मी बघतो." धाकटा म्हणाला, "बघू." त्या 'बघू'वर महिने गेले. लहान मशीन बंदच राहिलं. गल्लीतली भांडणंही बंद झाली, आणि भांडणं थांबल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली.

मी धाकट्याकडे गेले. बाबांनी वाटणी तशी का केली ते त्याला सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. तो ऐकत होता. मग म्हणाला, "तुला सांगितलं ना, ताई. मला नाही सांगितलं. इतकी वर्षं मला कधी प्रश्नच पडला नव्हता की मला झाकणंच का. आता पडतो. झोपताना पडतो."

"अरे, दादाने वेळ मारून नेली रे. त्याच्या डोक्यातही नसेल."

"मग येऊन तसं म्हणू दे की."

मी दादाकडे गेले. "तू त्याला बोललास ते फार लागलंय त्याला. जा आणि माफी माग."

"बोललो असेन," दादा म्हणाला. "सख्ख्या भावाला नाही बोलायचं तर कोणाला बोलायचं? आणि नवा नर करून देतो म्हटलंय ना मी? आणखी काय करू, नाक घासू?"

दादाचं हे असंच आहे. त्याला चूक म्हणजे काहीतरी मोडलंय असं वाटतं, आणि मोडलेलं भरून दिलं की त्याच्या लेखी विषय संपला. मला वाटलं, आपण काय बोललो ते याला आठवतंय आणि मोठेपणा आड येतोय. दोघं एकाच बापाचे. एकजण बोलून मोकळा होतो, दुसरा न बोलून आजारी पडतो. मी दोन्हीकडून ऐकून घ्यायची.

तेवढ्यात दाणेवाल्याने आणखी एक नवलाई आणली. एका जातीचा दाणा असा, की पातळ पट्टी ठेवली तर ती बिजागरीचं काम करते. लाख वेळा उघडा, लाख वेळा मिटा, तुटत नाही. डबा आणि झाकण एकाच साच्यात, एकाच दाबात, जोडलेले बाहेर पडतात. झाकण हरवायचं नाही, शोधायला नको, बसवायला नको. मोठ्या दुकानांना सध्या तेच पाहिजे होतं. दादाने तो साचा करायला टाकला. आता डब्याला झाकण वेगळं लागणारच नव्हतं.

आणि धाकट्याने नोकरी धरली. लांबच्या शहरात, जिथे दाणाच तयार होतो त्या कारखान्यात. राहायला जागा मिळणार होती. लहान मशीन त्याने तिथल्याच जुना माल घेणाऱ्या एकाला विकलं, साच्यांसकट. त्यानंतर मी दादाशी बोलले नाही असं झालं नाही, पण गोड बोलले नाही.

मशीन न्यायला ट्रक आला तो दिवस. धाकट्याचा संसारही त्याच ट्रकमधून जायचा होता. धाकटा सामानावर दोर आवळत होता. त्याची बायको पुढे बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. मी उगीच हे विसरलं का, ते घेतलं का, असं विचारत फेऱ्या मारत होते. आणि मग दादा आपल्या शेडमधून बाहेर आला. गल्ली ओलांडून, कितीतरी महिन्यांनी, धाकट्याच्या दारात आला. हातात एक डबा होता, बिजागरीचा, नव्या साच्याचा पहिला नमुना.

"हे बघ," दादा म्हणाला. "साचा तयार झाला. मी विचार केलाय. हा तू चालव. डबाही तुझा आणि झाकणही तुझं. मोठं मशीन तुझ्याकडे हलवू. मी बाहेरचं बघतो, माल विकतो. ट्रकवाल्याला दे काहीतरी आणि परत पाठव."

मी जागच्या जागी थांबले. दादाला ओळखणाऱ्यालाच कळेल, की हे बोलायला त्याला किती जड गेलं असेल. मोठं मशीन त्याचा जीव होता. ते तो देऊन टाकत होता. धाकट्याने दोर सोडला, डबा हातात घेतला. झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. अंगठ्याने बिजागरीची पट्टी चाचपली. त्याची बायको खिडकीतून वाकून बघायला लागली. मला वाटलं, झालं. बाबा, तुमची पोरं आली एकमेकांच्या दारात.

मग धाकट्याने मान वर केली आणि थेट दादाच्या डोळ्यांत बघून विचारलं, "दादा, हे मला झेपेल?"

त्याने किती सावकाश विचारलं ते माझ्या कानात आहे. त्याने दादाच्या हातात वाक्य आणून ठेवलं होतं. दादाने फक्त ते ओळखायचं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, ओळख रे, ओळख.

दादा मोकळेपणाने हसला. मनापासून, प्रेमाने हसला. त्याला वाटलं, भाऊ तयार झाला.

"न झेपायला काय झालं? एकदम सोपं आहे. हे काय, कोणीही चालवेल!"

धाकट्याने डबा मिटला आणि दादाच्या हातात परत दिला.

"नको दादा. मी तिकडे येतो म्हणून सांगितलंय त्यांना."

"अरे पण—"

"चांगला आहे डबा. खपेल."

तो वाकून दादाच्या पाया पडला, माझ्याही पडला, आणि ट्रकमध्ये चढला. ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला गल्ली पुरेना, तर दादाच पुढे होऊन हातवारे करत त्याला वाट दाखवत होता. डावीकडे, अजून डावीकडे, बस्स, जाऊ दे.

ट्रक वळणावर दिसेनासा झाल्यावर दादा माझ्या टेबलाशी येऊन बसला.

"सगळं देत होतो मी त्याला," तो म्हणाला. "मोठं मशीनसुद्धा. काय चुकलं माझं? तू तरी सांग."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो सोंग करत नव्हता. त्याला खरोखर माहीत नव्हतं. इतके महिने ज्या वाक्याने एकाची झोप उडाली होती, ते दुसऱ्याच्या डोक्यात रात्रभरही टिकलं नव्हतं. मग मी त्याला सांगितलं. साहेब कुठे उभे होते, झाकण कुठे घरंगळलं, आणि तो काय म्हणाला. शब्दाला शब्द.

दादा माझ्याकडे वळला.

"असं म्हणालो मी?"

"म्हणालास."

"त्या साहेबाच्या देखत?"

"हो."

त्याने हातातला डबा टेबलावर ठेवला. बाहेर बघितलं, जिथे ट्रकची चाकं अजून ओल्या मातीत उमटलेली होती.

"बाबा असं कधी म्हणाले नव्हते गं," तो म्हणाला. "मी आपलं... तोंडाला आलं म्हणून. उलट बाबा म्हणायचे, मापाला धाकटाच पक्का." आणि मग एकदम उठून उभा राहिला. "मोठ्या रस्त्याला लागला असेल का गं तो?"

"केव्हाच," मी म्हणाले.

तरी तो गेला. गल्लीच्या टोकापर्यंत मला तो धावताना दिसत होता. या वयात, त्या पोटाने, पायात मशीनजवळच्या फाटक्या चपला घालून.